प्रसाधनद्रव्ये, नैसर्गिक

त्वचा व केस स्वच्छ, मऊ व निरोगी राखण्यासाठी आणि त्यांना रंग वा सुगंध देण्यासाठी वनस्पती, प्राणी व खनिजे यांपासून मिळणारे जे पदार्थ फारशी रासायनिक प्रक्रिया न करता वापरतात, त्यांना नैसर्गिक प्रसाधनद्रव्ये म्हणतात. शिकेकाई, रिठा, आवळा, हळद, मेंदी, कोरफड, चंदन, खोबरेल, तिळेल, कोकमाचे तेल, मेण, दूध, डाळींची पिठे व मुलतानी माती ही यांपैकी भारतात सर्वपरिचित असलेली द्रव्ये होत. बहुतेक द्रव्ये स्वयंपाकघरात, परसात वा किराणा दुकानात मिळतात. त्यामुळे ती निरुपद्रवीच असतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो सर्वस्वी खरा नाही. हरताळ हे खनिज आर्सेनिकाचे सल्फाइड असून चुन्याबरोबर त्याचा लेप केस काढण्यासाठी पूर्वी वापरीत. पारंपरिक सुरमा हे पुष्कळदा शिशाचे सल्फाइड असते. दोन्ही पदार्थ भूगर्भातून जसेच्या तसे मिळतात आणि दोन्ही विषारी आहेत. द्रव्यातील कोणते संयुग, किती प्रमाणात व त्वचेच्या वा केसाच्या कोणत्या भागावर कार्य करते, यावरच त्याची उपयुक्तता व सुरक्षितता ठरते.

त्वचा व केस यांची रचना : बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या व केरॅटिनयुक्त कोशिकांचा असतो. या कोशिका विटांप्रमाणे आणि त्यांमधील मेदी पदार्थ चुन्याप्रमाणे रचलेले असतात. शरीरातील पाणी बाहेर जाऊ न देणे व बाहेरील जंतू आणि क्षोभक पदार्थ आत येऊ न देणे, ही कामे हा थर करतो. तो खालून सतत नवा होत असतो व साधारणपणे चार आठवड्यांत बाह्यत्वचा बदलली जाते. त्वचेचा पृष्ठभाग किंचित अम्लधर्मी (पीएच मूल्य सु. ४·५ ते ५·५) असतो. ही अम्लता अनेक उपद्रवी जंतूंच्या वाढीस प्रतिकूल असते. साबणाचा विद्राव क्षारधर्मी (पीएच मूल्य ९ ते १०) असल्याने तो ही अम्लता काही काळ नाहीशी करतो व त्वचेतील मेदी पदार्थही धुऊन नेतो. थंडीच्या दिवसांत साबणाने अंग धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटते, ती यामुळेच.

केसाचा जिवंत भाग म्हणजे त्वचेत खोल असलेले केशमूळ. त्वचेबाहेर दिसणारा केस पूर्णतः निर्जीव असून तो केरॅटीन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यावर कौलांप्रमाणे एकमेकांवर बसलेल्या सूक्ष्म खवल्यांचे आवरण असते. खवले मिटलेले असले, म्हणजे प्रकाश सरळ परावर्तित होऊन केस चमकदार दिसतात. ते उचकटले, की केस राठ होतात व एकमेकांत गुंततात. डोक्यावरील केस महिन्यास सु. १ सेंमी. वाढतो. म्हणजे ६० सेंमी. लांबीच्या केसाचे टोक पाच वर्षांचे असते आणि तेवढ्या काळात ते शेकडो वेळा धुतले, विंचरले व उन्हात तापलेले असते. अशा निर्जीव धाग्याचे ‘पोषण’ कोणतेही तेल किंवा लेप करू शकत नाही. त्याची झीज कमी करणे, एवढेच बाहेरून लावलेल्या द्रव्याने साधते. दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून अधिक गळत असतील, तर कारण बहुधा शरीरात असते : रक्तक्षय, अवटू ग्रंथीचे विकार, बाळंतपण, दीर्घ ज्वर, आहारातील प्रथिनांची उणीव वा आनुवंशिकता. अशा वेळी तेले बदलत राहण्यात वेळ जातो व मूळ विकार तसाच राहतो.

इतिहास : चरकसंहितेत औषधींचे दहा-दहांचे गट दिले असून त्यांत त्वचेची कांती सुधारणाऱ्या ‘वर्ण्य’ द्रव्यांचा एक गट आहे, चंदन, वाळा, मंजिष्ठ, ज्येष्ठमध व अनंतमूळ यांचा त्यात समावेश होतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (इ. स. सहावे शतक) गंधयुक्ती या विषयावर स्वतंत्र अध्याय असून त्यात पांढरे केस काळे करण्याची कृती आहे. हरिकाचे (कोद्रूचे) तांदूळ आंबट द्रवात लोहचूर्णासह लोखंडी भांड्यात शिजवून व वाटून डोक्यास लावावेत आणि काही काळाने ते काढून आवळ्याचा लेप द्यावा, असे तेथे सांगितले आहे. या कृतीचे रसायनशास्त्रीय मर्म पुढे आले आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये स्नान व अभ्यंग यांना मानाचे स्थान आहे.

शांपू हा इंग्रजी शब्द हिंदीतील चाँपना (चेपणे, रगडणे) या क्रियापदावरून आला आहे. मूळचे पाटण्याचे साके दीन महोमेद (१७५९–१८५१) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्लंडमधील ब्रायटन येथे बाष्पस्नान व अंगमर्दन यांचे स्नानगृह काढले आणि हा शब्द तेथे लोकप्रिय केला. त्या वेळी त्याचा अर्थ केस धुणे असा नव्हता, तर अंग रगडणे असा होता.

क्षालनद्रव्ये : साबण सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी भारतात केस धुण्यासाठी मुख्यतः शिकेकाई व रिठा यांचा उपयोग होत असे. शिकेकाई (अकेशिया कॉन्सिना, नव्या वर्गीकरणानुसार सेनेगॅलिया रुगाटा) ही काटेरी, आधाराने चढणारी वेल कोकण, सह्याद्री व दक्षिण भारत येथील जंगलांत आढळते. नावातील ‘काई’ हा अंश द्राविडी भाषांतील ‘काय’ म्हणजे कच्चे फळ वा शेंग या अर्थाचा आहे. हिची कोवळी पाने आंबट असून ती स्वयंपाकात वापरतात. रिठ्याचा वृक्ष दक्षिण व पश्चिम भारतात (सॅपिंडस ट्रायफोलिएटस) आणि हिमालयाच्या पायथ्याशी (सॅपिंडस मुकोरोसी) अशा दोन जातींच्या रूपाने आढळतो. सॅपिंडस या प्रजातिनामाचा अर्थच ‘भारतीय साबण’ असा आहे.

दोन्ही फळांत सॅपोनिने ही संयुगे असतात. सॅपोनिनाच्या रेणूचा एक भाग शर्करेचा असून तो पाण्याशी व दुसरा भाग मेदी पदार्थांशी जुळतो. त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन फेस येतो व तेलकट मळाचे पायसीकरण होऊन तो पाण्याबरोबर निघून जातो. साबणाचे कार्य असेच असले, तरी दोहोंत महत्त्वाचे फरक आहेत. एक तर शिकेकाईचा काढा किंचित अम्लधर्मी असतो. त्यामुळे केसांचे खवले उचकटत नाहीत. दुसरे म्हणजे दुष्फेन पाण्यातील कॅल्शियमाशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका केसांवर बसतो, तसे सॅपोनिनांचे होत नाही. दख्खनच्या पठारावरील पुष्कळ विहिरींचे पाणी दुष्फेन असते. तेथे साबणाने धुतलेले केस चिकट व निस्तेज होतात, हा घरोघरचा अनुभव असल्याने साबण आल्यावरही शिकेकाईचा वापर टिकून राहिला. आधुनिक शांपूंतील कृत्रिम क्षालकेही दुष्फेन पाण्यात साका धरीत नाहीत आणि त्यांतील अनेक किंचित अम्लधर्मी केलेली असतात. त्या दृष्टीने ती साबणापेक्षा शिकेकाईला अधिक जवळची आहेत.

महाराष्ट्रात वाळविलेल्या शिकेकाईच्या शेंगा, रिठ्याची टरफले, आवळकाठी, मेथी, नागरमोथा, कचोरा इ. एकत्र कुटून ठेवतात व वापरण्यापूर्वी पाण्यात उकळून घेतात. मेथीतील व जास्वंदीच्या पानांतील श्लेष्मल पदार्थ केसांवर पातळ लेप धरतो. त्यामुळे ओले केस विंचरणे सुलभ होते. शिकेकाईला फेस कमी येतो, मात्र फेसाचा व मळ काढण्याच्या क्षमतेचा थेट संबंध नसतो. भुकटी नीट गाळली नाही, तर तिचे कण डोक्यात राहून खाज सुटते. सॅपोनिने डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो व रक्तात मिसळल्यास ती तांबड्या कोशिका फोडतात. म्हणून डोक्यात जखमा असताना ही द्रव्ये वापरू नयेत. रिठ्याच्या पाण्याने मासे गुंगतात, हे कोळी व आदिवासी यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. केसांखेरीज रेशमी व लोकरी वस्त्रे आणि सोन्याचांदीचे दागिने धुण्यासाठीही रिठा वापरतात.

तेले व मेदे : तेल हा शब्द तिळावरून (सं. तैल) आला असून अभ्यंगासाठी तिळेल हेच प्रमुख मानलेले आहे. मात्र सर्व तेले सारखी नसतात. तेलातील वसाम्लांच्या प्रकारांवर त्याचे त्वचेवरील व केसांवरील परिणाम अवलंबून असतात.

खोबरेलात लॉरिक अम्लाचे प्रमाण जवळजवळ निम्मे असते. त्याचे रेणू लहान व सरळ साखळीचे असल्याने ते केसाच्या अंतर्भागात शिरू शकतात. मुंबईतील एका तेलउत्पादक कंपनीच्या प्रयोगशाळेत खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची तुलना करण्यात आली. केस धुण्यापूर्वी वा धुतल्यानंतर खोबरेल लावल्यास धुताना व विंचरताना होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी होतो व इतर दोन तेलांनी तसा लाभ होत नाही, असा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधन करणाऱ्या संस्थेचा हितसंबंध लक्षात घेतला, तरी रेणूंच्या रचनेशी हा निष्कर्ष सुसंगत आहे. पाण्याने केस फुगतो व वाळताना आकसतो. वारंवार असे झाल्याने तो दुबळा होतो. आत शिरलेले तेल ही फूग कमी करते. न्हाण्याच्या आदल्या रात्री केसांना तेल लावण्याच्या रूढीस त्यामुळे आधार मिळतो. खोबरेलाने केस वाढतात, या सार्वत्रिक समजुतीस मात्र असा आधार नाही. केस कमी तुटल्याने ते लांब राहतात, एवढेच.

कोंडा झाला, की डोके कोरडे पडले असे समजून भरपूर तेल चोळण्याची चाल आहे. कोंड्याचा संबंध मॅलॅसेझिया या कवकाशी असून ते तेलातील वसाम्लांवर वाढते. तेलाने खपल्या तात्पुरत्या चिकटून बसतात व कोंडा गेल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात तो बळावतो. कपाळावर ओघळणाऱ्या तेलाने रंध्रे बुजून पुटकुळ्या येतात, हाही असाच दुर्लक्षित परिणाम होय.

त्वचेच्या बाबतीत तेलांतील फरक नवजात अर्भकांमध्ये विशेष महत्त्वाचा ठरतो. मुदतीपूर्वी जन्मलेल्या अर्भकाची त्वचा अपरिपक्व असते व तिच्यातून जंतू सहज शिरतात. ढाक्यातील एका बालरुग्णालयात अशा अर्भकांवर केलेल्या चाचणीत सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावल्यास रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाची शक्यता सु. ४१ टक्क्यांनी घटते, असे दिसून आले (२००५). सूर्यफुलाच्या तेलातील लिनोलीइक अम्ल त्वचेच्या मेदी अस्तराचा घटक बनते, असे याचे स्पष्टीकरण देतात. उलट ऑलिव्ह तेलात ओलीइक अम्ल फार असून ते हे अस्तर विसकळीत करते. मोहरीच्या तेलातही क्षोभक घटक असतात व प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने त्वचेची दुरुस्ती लांबते, असे आढळले आहे. बाळाला कोणते तेल लावावे, हा प्रश्न केवळ रूढीवर वा किमतीवर सोडण्यासारखा नाही.

कोकण व गोवा येथे कोकमाच्या (रातांब्याच्या) बियांपासून घट्ट तेल काढतात. त्याला भिरंडेल किंवा मुठेल म्हणतात. वाळविलेल्या बियांचा गर कुटून पाण्यात उकळतात, वर आलेले तेल काढून घेतात व थिजल्यावर त्याचे हाताने मुटके वळतात. त्यात स्टिअरिक व ओलीइक अम्लांची ग्लिसराइडे मुख्यतः असतात. ते सु. ४०° से. तापमानास वितळते, म्हणजे कोकणच्या उन्हाळ्यातही ते घट्टच राहते आणि कोमट करून लावल्यावर त्वचेवर चिवट थर धरते. टाचांच्या भेगा, फुटलेले ओठ व हिवाळ्यात उलणारी त्वचा यांवर ते लावतात. येथे त्याचे कार्य औषधाचे नसून आच्छादनाचे असते : त्वचेतील पाण्याचे बाष्पीभवन थांबले, की भेग आपोआप भरू लागते. म्हणून पाय धुऊन, ओलसर असतानाच ते लावणे अधिक फलदायी होते. मलमे, साबण व ओठांसाठीची प्रसाधने यांत कोको बियांच्या मेदाऐवजी कोकमाचे तेल वापरता येते व त्यासाठी त्याला परदेशांतूनही मागणी असते. कोकमाचे सरबत सर्वांना ठाऊक असले, तरी बियांकडे मात्र अनेक ठिकाणी टाकाऊ म्हणूनच पाहिले जाते.

उटणी व लेप : नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल लावून उटण्याने स्नान करण्याची महाराष्ट्रातील चाल हे तेल व चूर्ण यांच्या संयुक्त उपयोगाचे उत्तम उदाहरण आहे. तेलात मळातील स्निग्ध भाग विरघळतो, डाळीचे पीठ व चूर्णे ते तेल शोषून घेतात आणि चोळताना मृत कोशिका निघून जातात. त्वचेवर तेलाचा पातळ थर शिल्लक राहतो. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी होऊ लागते, तेव्हा हा थर उपयोगी पडतो. उटण्यात मसूर वा हरभरा डाळीचे पीठ, आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, गव्हला, वाळा, चंदन, संत्र्याची वाळलेली साल इ. पदार्थ घालतात. त्यांतील बहुतेकांचे प्रयोजन सुगंध हे असते. मुलतानी माती ही तेल शोषणारी चिकणमाती असून तेलकट त्वचेस ती मानवते. कोरड्या त्वचेस अपायकारक ठरते. दुधाच्या सायीत मेद व थोडे लॅक्टिक अम्ल असते, त्यामुळे ती मऊपणा आणते.

हळद : हळदीतील पिवळे रंगद्रव्य म्हणजे कर्क्युमीन (सु. २ ते ५%). प्रयोगशाळेत त्याचे दाहशामक व जंतुनाशक गुण दिसतात. परंतु ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, प्रकाशात विघटते आणि त्वचेतून फारच थोडे आत जाते. त्यामुळे लेपाचा परिणाम प्रयोगशाळेतील निष्कर्षांच्या मानाने मर्यादित असतो. हळदीने वर्ण उजळतो ही समजूत बहुधा त्वचेवर राहणाऱ्या पिवळ्या छटेमुळे रूढ झाली असावी. क्षाराच्या संपर्काने कर्क्युमिनाचा रंग लाल होतो; हळदीपासून कुंकू करताना हाच गुण उपयोगी पडतो.

अमेरिकेत १९९५ मध्ये जखमा भरून आणण्यासाठी हळदीच्या वापराचे एकस्व (पेटंट) देण्यात आले. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्यास हरकत घेतली. हा उपयोग नवा नाही हे दाखविण्यासाठी जुने ग्रंथ व १९५३ मधील एक वैद्यकीय निबंध यांसह ३२ आधार सादर करण्यात आले आणि १९९७ मध्ये एकस्व रद्द झाले. घरातील ज्ञान लिखित स्वरूपात व परकीय परीक्षकांना वाचता येईल अशा भाषेत उपलब्ध नसेल, तर ते कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते, ही गोष्ट या प्रकरणाने ध्यानात आली. २००१ मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाच्या कामामागे ही पार्श्वभूमी होती.

रंजके : मेंदीच्या (लॉसोनिया इनर्मिस) पानांत लॉसोन हे नारिंगी-तांबडे रंगद्रव्य असते. अखंड पानात ते शर्करेशी बद्ध अशा रूपात असून पाने वाटल्यावर व अम्लधर्मी पाण्यात भिजविल्यावर मुक्त होते. म्हणून मेंदीत लिंबाचा रस, चिंच वा चहाचे पाणी घालतात व ती काही तास मुरू देतात. लॉसोन केरॅटिनाशी रासायनिक बंधाने जोडले जाते. त्यामुळे रंग धुऊन जात नाही, तर त्वचेचे मृत थर गळतील तसतसा तो फिका होतो. तळहात व तळपाय येथे मृत थर सर्वांत जाड असल्याने तेथे रंग गडद येतो. नववधूच्या मेंदीच्या रंगावरून सासरच्या प्रेमाची परीक्षा करतात. रंग खरोखर अवलंबून असतो तो त्वचेच्या जाडीवर, उबेवर आणि मेंदी किती तास हातावर राहिली यावर. राजस्थानातील सोजत हे मेंदीच्या लागवडीचे व व्यापाराचे मोठे केंद्र असून तेथील मेंदीस २०२१ मध्ये भौगोलिक निर्देशांकन मिळाले.

शुद्ध मेंदीचा रंग कधीही काळा नसतो. काळा रंग हवा असल्यास मेंदीनंतर निळीच्या (इंडिगोफेरा टिंक्टोरिया) पानांची भुकटी लावतात. आवळ्याची पद्धत निराळी आहे. आवळा, हिरडा यांतील टॅनिनांचा लोहाशी संयोग होऊन काळा पदार्थ बनतो. जुनी काळी शाई याच विक्रियेने करीत. आवळकाठी लोखंडी कढईत रात्रभर भिजविण्याची घरगुती रीत व बृहत्संहितेतील लोहचूर्ण आणि आवळा यांची कृती, या दोहोंचे मर्म एकच आहे. हा रंग केसाच्या पृष्ठावरच राहतो व काही न्हाण्यांनंतर जातो. आवळ्याने पांढरे केस मुळापासून काळे होऊ लागतात, हे खरे नाही.

‘काळी मेंदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक चूर्णांत व कोनांत पॅरा-फेनिलीनडायअमीन हे कृत्रिम रसायन मिसळलेले असते. एक-दोन तासांत गडद काळा रंग येणे ही त्याची खूण होय. या रसायनाने काही व्यक्तींमध्ये तीव्र अधिहर्षता (ॲलर्जी) निर्माण होते; त्वचेवर नक्षीच्या आकाराचेच फोड येतात व कधीकधी व्रण कायम राहतात. एकदा निर्माण झालेली अधिहर्षता आयुष्यभर टिकते. लहानपणी जत्रेत काढलेल्या काळ्या मेंदीचा परिणाम पुढे केसांना कलप लावताना चेहरा व पापण्या सुजण्यात दिसू शकतो. यूरोपीय संघात केशकलपात हे रसायन २ टक्क्यांपर्यंतच वापरता येते व त्वचेवर लावण्यास मनाई आहे. शुद्ध मेंदीही एका बाबतीत धोक्याची आहे : ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज या एंझाइमाची जन्मजात उणीव असलेल्या बालकांत ती लावल्याने रक्तातील तांबड्या कोशिकांचा नाश होऊ शकतो. ही उणीव भारतात काही समाजांत बरीच आढळते. म्हणून तान्ह्या मुलांच्या हातापायांना मेंदी लावण्याचे टाळावे.

प्रकाशाबरोबर क्रिया करणारी द्रव्ये : बावचीच्या बिया कोडावर (श्वित्रावर) लावून उन्हात बसण्याचा उपचार भारतात प्राचीन काळापासून ज्ञात आहे. तिच्यातील सोरालेन हे संयुग जंबुपार किरणांच्या सान्निध्यात क्रियाशील होते व त्वचेत रंगद्रव्याची निर्मिती वाढविते. ईजिप्तमध्ये अशाच गुणाच्या एका रानटी वनस्पतीवर १९४० नंतरच्या दशकात संशोधन झाले आणि १९७४ पासून सोरालेन व नियंत्रित जंबुपार किरण यांची उपचारपद्धती त्वचारोगशास्त्रात रूढ झाली. मात्रा चुकल्यास हेच द्रव्य त्वचा भाजते. उटण्यात बावची घालताना हे ध्यानात ठेवणे जरूर आहे. लिंबाच्या सालीत व रसात याच गटातील संयुगे असतात. लिंबू चोळून उन्हात गेल्यास त्वचेवर फोड व नंतर काळे डाग पडू शकतात, आणि हा उपाय बहुधा डाग घालविण्यासाठीच केलेला असतो.

इतर द्रव्ये : कोरफडीच्या पानातील गरात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी व थोडी बहुशर्करा असते, त्याने त्वचेस गारवा व ओलावा मिळतो. सालीलगतचा पिवळा, कडू चीक मात्र क्षोभक असल्याने गर धुऊन घ्यावा. माका, ब्राह्मी, जटामांसी यांच्या केशवर्धक गुणांविषयी ग्रंथांत बरेच लिहिलेले आहे. माक्यावर उंदरांमध्ये काही अनुकूल प्रयोग झाले असले, तरी माणसांवरील समाधानकारक चाचण्यांचा आधार त्यास मिळालेला नाही. कडुनिंब जंतुनाशक आहे. त्याचे तेल लहान मुलांच्या पोटात जाऊ देऊ नये, कारण त्याने गंभीर विषबाधा होते.

नियमन व परीक्षा : भारतात प्रसाधनांचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० व त्याखालील सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० यांनुसार होते. प्रसाधनांतील रंगद्रव्यांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत २० भागांहून व आर्सेनिकाचे २ भागांहून अधिक असता कामा नये. औषध नियम, १९४५ मधील परिशिष्ट ‘जे’ मध्ये ज्या व्याधी व अवस्था बऱ्या करण्याचा दावा औषधास करता येत नाही, त्यांची यादी आहे. तिच्यात टक्कल, अकाली केस पिकणे, नवे केस उगवणे व त्वचा गोरी होणे यांचा समावेश आहे. वर्तमानपत्रांतील व दूरचित्रवाणीवरील जाहिराती पाहता ही यादी फार थोड्यांच्या वाचनात आली असावी असे वाटते.

सुट्या विकल्या जाणाऱ्या हळदीच्या भुकटीत मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग वा लेड क्रोमेट मिसळलेले आढळते. हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक अम्लाचे काही थेंब टाकल्यावर गुलाबी रंग येतो. पाणी घालून विरल केल्यावर तो नाहीसा झाला, तर तो हळदीचा आणि टिकून राहिला, तर मेटॅनिल यलोचा समजावा. लेड क्रोमेट या परीक्षेत सापडत नाही. कोणतेही नवे द्रव्य वापरण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून ४८ तास वाट पहावी व खाज, लाली वा पुरळ दिसल्यास ते वर्ज्य करावे. वाटलेले ओले लेप परिरक्षकाविना एक-दोन दिवसांत जंतुयुक्त होतात. ते लागतील तेवढेच करावेत. शिकेकाई, रिठा, मेंदी यांची चूर्णे मात्र कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात उजेडापासून दूर ठेवल्यास काही महिने टिकतात. मेंदीचा हिरवा रंग जाऊन ती तपकिरी झाली, म्हणजे तिच्यातील रंगद्रव्य बरेच कमी झालेले असते.